काखेत कळसा आणि फाईलीचा गावाला वळसा

कापडाच्या धंद्यात ठाण आणि गाठी एवढाच माल नसतो. नक्षी हाही माल आहे, आणि कित्येकदा तोच खरा माल असतो. कापड शेजारच्या कारखान्यातही निघते. गिऱ्हाईक आपल्याच दारात येते ते नक्षीसाठी. आपल्या बुजुर्गांना ही गोष्ट पुरती ठाऊक होती. मालेगाव-भिवंडीतील विणकरांची पुष्कळ घराणी १८५७ नंतरच्या काळात आजच्या उत्तर प्रदेशातून इकडे आली. त्या मुलखात, विशेषतः बनारसेत, नक्शाबंद कारागीर धाग्यांचा नक्शा बांधून देत आणि हा हुन्नर बापाकडून मुलाकडे जाई. पुढे फ्रान्समधील ल्योन शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास तयार केलेले यंत्र जगभर गेले आणि नक्शा धाग्यांतून पुठ्ठ्याच्या छिद्रांत आला. आता तो कॉम्प्युटरच्या फाईलीत आला आहे.

रूप बदलले, किंमत कमी झाली नाही. मात्र आपली राखण ढिली झाली. पुठ्ठ्याची कार्डे आपण कुलपात ठेवत होतो. फाईल मात्र कोणाच्याही हाती देतो, कोणत्याही वाटेने पाठवतो आणि ती पोहोचली म्हणजे काम झाले असे समजतो. या सवयीविषयी आज आम्ही आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांशी थोडे स्पष्ट बोलणार आहोत.

वीस पायऱ्यांचे अंतर

आपल्या वस्त्यांत बहुतेक घरांची रचना सारखीच असते. खाली दुकान किंवा कारखाना, वर राहते घर. वरच्या कॉम्प्युटरवर घरातील मुलगा किंवा मुलगी डिझाईन काढते. खालच्या कॉम्प्युटरवर हिशेब, बिले आणि गिऱ्हाइकाला दाखवायची डिझाईने असतात. दोन्हींमध्ये अंतर जिन्याच्या वीस पायऱ्यांचे.

आता वरची फाईल खाली कशी येते ते पाहा. कोणी ती इंटरनेटवर चढवतो आणि खाली बसून उतरवून घेतो. कोणी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतो. कोणी पेनड्राइव्ह मुलाच्या हाती देतो, आणि तोच पेनड्राइव्ह दुपारी बाजारात झेरॉक्सच्या दुकानात, संध्याकाळी छपाईवाल्याकडे आणि रात्री कोणाच्या तरी लॅपटॉपमध्ये असतो. माळ्यावरची गाठ दुकानात आणण्यासाठी आपण कधी ट्रक सुरतेला पाठवून परत आणला आहे काय? फाईलीच्या बाबतीत आपण रोज तेच करतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते यालाच.

आमचे म्हणणे साधे आहे. घरातल्या घरात मोठी फाईल न्यायची असेल तर ती घरातल्याच तारेने न्यावी. दोन कॉम्प्युटर एका केबलने, मधल्या एका छोट्या पेटीतून जोडावेत, आणि आपला माल आपल्या भिंतींच्या आतच फिरू द्यावा. याला मोठे भांडवल लागत नाही. लागतो तो थोडा विचार.

एका साडीचा हिशेब

फाईल मोठी म्हणजे किती मोठी, याचा हिशेब मांडून पाहू. व्यापारी माणसाला हिशेबाशिवाय गोष्ट पटत नाही आणि पटूही नये.

साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच पन्ह्याची एक साडी घ्या. अंग, काठ आणि पदर मिळून पूर्ण साडीचे डिझाईन छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके या दराने काढले, तर लांबीला सुमारे ६५ हजार आणि रुंदीला १३ हजार ५०० ठिपके होतात. गुणाकार केला की जवळजवळ ८७ कोटी ७० लाख ठिपके. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक ठिपक्यामागे चार बाइट लागतात. म्हणजे एका साडीची फाईल दाबून लहान न करता साधारण साडेतीन जीबीची झाली. एकच बुट्टी पुन्हा पुन्हा छापायची असेल तर फाईल लहान असते हे खरे. पण पदराचे मोठे काम असेल आणि रंगांचे थर वेगवेगळे ठेवले असतील, तर फाईल साडेतीन जीबीच्याही पुढे जाते. सीझनला अशी दहा डिझाईने काढली की ३५ जीबी झाले.

आता वाटा मोजू. त्याआधी एक माप समजून घ्यावे, कारण इथे पुष्कळ जण फसतात. इंटरनेटवाला वेग सांगतो तो मेगाबिटमध्ये, आणि फाईल मोजली जाते मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. भाव गजाचा सांगून कोणी मीटरचा समजून घ्यावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की गज आणि मीटरमध्ये थोडेच अंतर आहे, इथे ते आठपट आहे. ५० मेगाबिटचे कनेक्शन म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त सव्वासहा मेगाबाइट.

या वेगाने साडेतीन जीबीची फाईल वर चढायला नऊ मिनिटांहून अधिक लागतात आणि खाली उतरायला तेवढीच. दहा डिझाईनांना तीन तासांहून जास्त, आणि तेही लाईन मध्ये तुटली नाही तर.

हीच फाईल १०० मेगाबिटच्या घरगुती केबलने नेली, तर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११ मेगाबाइट मिळतात. एका फाईलीला पाच मिनिटांपेक्षा थोडे जास्त, दहा फाईलींना ५३ मिनिटे. आणि १००० मेगाबिटच्या, म्हणजे गिगाबिट केबलने नेली तर सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट. एक फाईल अर्ध्या मिनिटात आणि दहा फाईली साडेपाच मिनिटांच्या आत. चहा येईपर्यंत काम झालेले असते. तांब्याच्या तारेवरील गिगाबिटचे मानक १९९९ सालचे आहे. ही काही कालपरवाची नवलाई नव्हे. आपल्या टेबलावरच्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये ही सोय मागच्या बाजूला पडून आहे आणि तिच्या तोंडावर धूळ बसली आहे.

“पण आमचे काम चालते ना!”

यावर बांधव जे सांगतात ते आम्ही ऐकले आहे. त्याचा विचार करणे योग्य होईल.

कोणी म्हणतो, व्हॉट्सॲप फुकट आहे. २०२२ पासून त्यावर दोन जीबीपर्यंतची फाईल डॉक्युमेंट म्हणून जाते, हे मान्य. पण आपली साडी साडेतीन जीबीची आहे. मग लोक काय करतात? डिझाईन फोटो म्हणून पाठवतात. फोटो म्हणून गेले की ते दाबून लहान केले जाते. मोबाईलच्या पडद्यावर फरक दिसत नाही. कापडावर छापले की नक्षीच्या कडा दातेरी होतात आणि बारीक जाळी पुसट होते. दोष मग छपाईवाल्यावर जातो, आणि ठाण सेकंड म्हणून विकावे लागते.

कोणी म्हणतो, पेनड्राइव्ह पुरे आहे. बाजारातील पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने तयार केलेले असतात. त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावतच नाही, मग पेनड्राइव्ह ३२ जीबीचा आणि पूर्ण रिकामा का असेना. माणूस गोंधळतो की जागा असून माल का उतरत नाही. एक्सफॅट पद्धतीने तो पुन्हा तयार करता येतो, पण तसे करताना आतले सर्व पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे. आणि स्वस्त पेनड्राइव्हवर लिहिण्याचा वेग इतका कमी असतो की वेळेची बचत होत नाही. परगावच्या छपाईवाल्याला माल द्यायला पेनड्राइव्ह किंवा डिस्क लागेलच. त्यावर फक्त त्याला द्यायचीच फाईल असावी, घरची सगळी तिजोरी नसावी, एवढेच आमचे सांगणे.

कोणी म्हणतो, घरात वायफाय आहे. एकाच खोलीत, नव्या राउटरवर वायफाय चांगले चालते. पण वायफायमध्ये हवा एकच असते आणि सगळी यंत्रे तिच्यात पाळीपाळीने बोलतात. मुलांचे मोबाईल, टीव्ही, कॅमेरे सर्व त्याच रांगेत. मध्ये सिमेंटचा स्लॅब आणि दुकानाचे लोखंडी शटर आले की वेग गळून पडतो. केबलला भिंतीशी काही देणेघेणे नसते. शंभर मीटरपर्यंत ती आपला वेग टिकवून धरते.

खर्च आणि कृती

लागणारे सामान थोडे आहे. कॅट-५ई किंवा कॅट-६ जातीची केबल, आणि पाच तोंडांचा एक गिगाबिट स्विच. एका बऱ्या साडीच्या किमतीत दोन्ही येतात. घरच्या इंटरनेट राउटरलाही मागे केबलची तोंडे असतात; पण स्वस्त राउटरची तोंडे १०० मेगाबिटचीच असतात. खोक्यावर १०/१०० लिहिले आहे की १०/१००/१००० हे वाचून घ्यावे. पहिले असेल तर वेग ११ मेगाबाइटवर अडणार. स्विचचे एक तोंड राउटरला जोडले की इंटरनेटही चालू राहते आणि घरातला माल स्विचमधूनच परस्पर फिरतो.

केबल घेताना आपला हात कापड पारखताना जसा चालतो तसा चालू द्यावा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबलही मिळते. ती शुद्ध सूत सांगून मिसळ विकण्यासारखी आहे. तार शुद्ध तांब्याची आहे का, हे विचारूनच घ्यावी. केबलमध्ये आठ तारा असतात आणि गिगाबिटला आठही लागतात. कारागिराने तोंड नीट बसवले नाही आणि एखादी तार सुटली, तर पुष्कळदा काम बंद पडत नाही, फक्त वेग १०० वर घसरतो. मालकाला कळतही नाही. म्हणून केबल बसवल्यावर कॉम्प्युटरमध्ये वेग १००० दाखवतो की १००, हे त्याच माणसासमोर पाहून मगच पैसे द्यावेत.

पुढची कामे घरातील मुले करू शकतात. वरच्या कॉम्प्युटरवर एक वेगळे फोल्डर करावे आणि तेवढेच शेअर करावे. पूर्ण डिस्क उघडी टाकू नये. हजार लहान फाईली एकेक करून पाठवण्यापेक्षा त्यांची झिप करून एक गाठ बांधावी. हजार रुमालांची हजार बिले करण्यापेक्षा एका गाठीचे एक बिल लवकर होते, तसेच हे. आणि ‘कट’ कधी करू नये, नेहमी ‘कॉपी’ करावी. पोहोचलेली फाईल उघडून पाहावी, तिचे माप मूळ फाईलीशी ताडावे आणि त्यानंतरच जुनी काढायची की नाही ते ठरवावे. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. ‘कट’ केलेले काम अर्ध्यावर तुटले तर काय गेले आणि काय राहिले हे शोधत बसावे लागते. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची सोय आहे. तिच्यात एक पर्याय दिला की फाईल तुटली तेथून पुढे नेता येते. मोठ्या कामाला ती शिकून घ्यावी.

आमच्यासारख्या उर्दू माध्यमातून शिकलेल्या माणसांना हे इंग्रजी शब्द ऐकून धाक वाटतो. पण या सबंध कामाला दहा-बारा शब्दांपेक्षा जास्त शब्द लागत नाहीत. सुताचे काउंट, रीड, पीक हे शब्दही आपण इंग्रजीच वापरतो आणि त्यांनी कोणाला धाक वाटत नाही.

दार उघडे ठेवून झोपू नये

तार घातली म्हणजे राखण संपली असे नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा किडा जगभर पसरला. दीडशेच्या आसपास देशांत त्याने कॉम्प्युटर बंद पाडले, इंग्लंडमधील इस्पितळेसुद्धा सुटली नाहीत, आणि फाईली सोडवायला खंडणी मागितली. हा किडा एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला तो फाईली शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीतील भोकातून. ते भोक बुजवणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच निघाली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. यातून धडा हा की विंडोजला मिळणारी दुरुस्ती वेळच्या वेळी घ्यावी. विंडोज ७ ची दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये थांबली आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिझाईनांचा खजिना अशा जुन्या यंत्रावर ठेवून ते इंटरनेटला जोडून ठेवू नये.

शेअर केलेल्या फोल्डरला नाव आणि पासवर्ड असावा. दुकानातल्या कॉम्प्युटरला फाईल पाहण्यापुरती परवानगी द्यावी, बदलण्याची देऊ नये. दुकानात आलेल्या पाहुण्याला वायफायचा पासवर्ड देणे ही आपली मेहमाननवाजी आहे, पण राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय करण्याची सोय बहुधा असते, तेच द्यावे. पाहुण्याला बैठकीत बसवतात, गोदामाची किल्ली देत नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने रमजानच्या तोंडावर बिले छापायला पेनड्राइव्ह बाहेर दिला. बिलांच्या फाईलीबरोबर त्यात ईदची सगळी नवी डिझाईने होती. महिना उलटण्याच्या आत तशीच नक्षी दुसऱ्याच्या ठाणांवर दिसू लागली, आणि तीही मीटरमागे दोन रुपये कमी भावाने. कोणी काढून घेतली याचा पुरावा नाही, म्हणून कोणावर संशय घेणे आम्हाला योग्य वाटत नाही. पण सीझन गेला तो गेलाच.

अशा वेळी लोक म्हणतात, कायदा आहे. कायदा आहे, पण तो जाग्या माणसाला मदत करतो. डिझाईन्स ॲक्ट, २००० नुसार नोंदणी केलेल्या डिझाईनला दहा वर्षे संरक्षण मिळते आणि ते आणखी पाच वर्षे वाढवता येते. मात्र डिझाईन नवे हवे. अर्ज करण्याआधी ते बाजारात प्रसिद्ध झालेले नसावे. कॉपीराइट आपोआप आहेच, असेही पुष्कळांना वाटते. पण नोंदणी करता येण्याजोगे डिझाईन नोंदवले नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्रावर पन्नासपेक्षा जास्त नग निघाले, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यातला कॉपीराइट संपतो. म्हणजे अर्ज करण्याच्या आधीचे जे दिवस, तेच सर्वांत नाजूक. त्या दिवसांत फाईल चार हातांतून फिरली, तर पुढे वकील करूनही हाती फारसे लागत नाही.

घरातल्या हुन्नराला वाट द्या

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. आज आपल्या घरांतील कित्येक मुली कॉम्प्युटर शिकल्या आहेत. चित्रकलेत त्यांचा हात चांगला असतो, मेहंदीची नक्षी पाहिली की ते कळते. घरात बसून त्या डिझाईनचे काम करू शकतात आणि काही ठिकाणी करतातही. पण त्यांचे काम खाली दुकानात यायचे तर मध्ये भाऊ हवा, पेनड्राइव्ह हवा, नाही तर बाहेरचा कॉम्प्युटरवाला हवा. भाऊ कामावर गेला की काम अडते. चार वेळा अडले की बाप म्हणतो, जाऊ दे, बाहेरूनच काढून आणू. मग बाहेरच्या माणसाला डिझाईनमागे पैसे मोजायचे आणि मुलीची कला कपाटात ठेवायची.

एक तार हे अडथळे काढून टाकते. मुलीने वर फाईल फोल्डरमध्ये ठेवली की खाली बापाच्या पडद्यावर ती दिसते. त्याने रंग बदलायला सांगितला की अर्ध्या तासात दुसरी हजर. कोणाचा हात मध्ये नाही, कोणाची मेहेरबानी नाही. यात जी मजुरी वाचते ती त्या मुलीच्या नावाने वेगळी मांडावी असे आमचे स्पष्ट मत आहे. काम तिचे, तर मोबदलाही तिचाच. कुरआन शरीफातील सर्वांत लांब आयत (सूरह बकरा, २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण सर्व जाणतो. घरातल्या माणसाच्या कष्टाचा हिशेबही लिहिलेला असला तर काय बिघडते?

दोन कॉम्प्युटर जोडल्याने आणखी एक फायदा होतो. फाईलीची एक प्रत वर आणि एक खाली राहते. एक डिस्क बसली तरी सीझन बसत नाही. पण दोन्ही प्रती एकाच छपराखाली आहेत, आणि शॉर्टसर्किटची आग आपल्या वस्त्यांना नवी नाही. म्हणून तिसरी प्रत एका वेगळ्या डिस्कवर घेऊन भावाच्या किंवा सासऱ्यांच्या घरी कपाटात ठेवावी आणि महिन्यातून एकदा बदलावी. दागिन्यांच्या बाबतीत आपण एवढी काळजी घेतोच.

आपल्या व्यापारी संघटना आणि मोहल्ल्यातील तरुण यांना आमची विनंती आहे की जुम्याच्या नमाजनंतर एखाद्या शाळेच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक स्विच आणि एक केबल ठेवून हे काम लोकांना करून दाखवावे. भाषणाची गरज नाही. साडेतीन जीबीची एक फाईल अर्ध्या मिनिटात इकडून तिकडे जाताना एकदा पाहिली की विषय समजतो.

आणि तोपर्यंत प्रत्येकाने आज एवढे तरी करावे. वरच्या कॉम्प्युटरपासून खालच्यापर्यंत जिन्याच्या कडेने टेपने मोजून घ्यावे. जे माप येईल त्याच्यापेक्षा तीन-चार मीटर जास्त केबल आणावी, कारण वळणात ती कमी पडते. एवढ्यावर काम सुरू होते. बाकी बरकत देणारा अल्लाह आहे.